सरांच्या खुर्चीशेजारी

वसतिगृह सांभाळणाऱ्या मेट्रननं मला फक्त एक पेला पोचवायला पाठवलं होतं. गरम पाणी, त्यात मध, वर लिंबाची चकती. "ओकशॉटसरांना नेऊन दे, आणि वाटेत सांडू नकोस. त्यांचा घसा आज फारच बसलाय," ती म्हणाली.

युद्ध संपून काही वर्षं झाली होती. वेल्सच्या हद्दीजवळच्या डोंगरात ऑल्डमियर नावाची आमची शाळा होती. कुणा उमरावाचं शिकारीसाठी बांधलेलं घर, आणि त्याला मागाहून जोडलेल्या खोल्या. मुलं आणि मुली एकत्र राहतात, एकाच वर्गात शिकतात, याचं तेव्हा बाहेरच्या लोकांना मोठं अप्रूप वाटे. आम्हाला नव्हतं. थंडी दोघांनाही सारखीच वाजायची.

लॅटिनचा वर्ग लांबलचक बोळाच्या टोकाला होता. बोळात ओल्या लोकरीचा आणि उकडलेल्या कोबीचा वास कायम भरलेला असे. पेला दोन्ही हातांत धरून मी निघाले, तर दाराबाहेरूनच सरांचा आवाज आला. हळू, कोरडा, वाळलं पान चुरगाळल्यासारखा.

"बस, मॉड. बस खाली. तू उभी राहिलीस म्हणून तुझ्या डोक्यात काही उभं राहत नाही."

मी चेहरा सारखा केला आणि दार ढकललं. खुर्चीत सर नव्हते. माझा जुळा भाऊ होता, क्रिस्पिन वेन्राइट. पाय लांब सोडून, हनुवटी छातीवर टेकवून बसला होता आणि वर्ग तोंडात रुमाल कोंबून हसत होता.

क्रिस्पिनला नकला साधायच्या, लहानपणापासून. आमच्या वडिलांच्या आवाजात तो आईला जिन्यावरून हाक मारायचा आणि ती फसायची. त्यात द्वेष नसे. त्याला दुसऱ्याचा आवाज घालून बघायला आवडे, जसं एखाद्या मुलाला थोरल्या भावाचा कोट घालून बघायला आवडतं.

हसणं एकदम थांबलं. मला वाटलं, मी आले म्हणून. मग माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि त्यानं माझ्या हातातला पेला काढून घेतला.

ओकशॉटसर माझ्या मागे उभे होते. किती वेळ, ते देव जाणे.

ते उंच, पोक आलेले, काठी टेकत चालणारे गृहस्थ. त्यांनी कधी कुणाला मारलं नाही. कधी आवाज चढवला नाही. त्यांना गरजच पडत नसे. ते खुर्चीपाशी गेले. क्रिस्पिन उडी मारून उठला. सर बसले, सावकाश घोटघोट पाणी प्यायले, आणि मग एक बोट वाकवून त्यांनी त्याला जवळ बोलावलं. डाव्या बाजूला, अगदी खुर्चीला लागून. आणखी जवळ. त्याचा कान त्यांच्या ओठांपाशी येईपर्यंत.

ते कुजबुजले. आम्हाला नुसती हवा सुटल्यासारखी ऐकू आली.

क्रिस्पिन पांढराफटक पडला. "सर म्हणतात…" त्यानं सुरुवात केली.

सरांनी मान हलवली. पुन्हा कुजबुजले.

"सर म्हणतात, 'सर म्हणतात' असं म्हणायचं नाही."

मग तो सरळ उभा राहिला, आणि त्याच्या तेरा वर्षांच्या तोंडातून तो कोरडा आवाज आला. "माझा आवाज या मुलाला फार आवडतो. माझ्याकडे तो आता फारसा उरलेला नाही. तेव्हा यापुढे तो यानंच वापरावा."

त्या दिवसापासून नाताळपर्यंत प्रत्येक लॅटिनच्या तासाला क्रिस्पिन खुर्चीशेजारी उभा राहिला. सरांच्या घशात गाठ होती, हे आम्हाला पुढे कळलं. ते कुजबुजत आणि क्रिस्पिन बोले. शब्द चालवायला सांगायचं, चुका काढायच्या, हे ठीक होतं. पण सर तेवढ्यावर थांबत नसत. वर्गातल्या प्रत्येकाचं दुखणं कुठे आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं, आणि आता ते बोलून दाखवायला त्यांना एक लहान मुलगा मिळाला होता.

"मॉड, तुझ्या आईनं तुला शिकायला पाठवलेलं नाही. नव्या नवऱ्याच्या घरात तुझी अडचण होते."

"ड्रुइट, खिडकीपाशी जाऊन बस. कालची चादर अजून वाळली नाही असं मेट्रन म्हणत होत्या."

ड्रुइट आमच्यातला सर्वांत अशक्त मुलगा. कानांच्या पाळ्या कायम लाल, नाक कायम वाहतं. तो उठला आणि खिडकीपाशी जाऊन बसला. वर्ग हसला. मीही हसले असेन. आमच्यावरची वेळ टळली की आम्ही हसायचो.

सरांचा सूड सरांवर घेता येत नव्हता. बुटांच्या खोलीत मुलं क्रिस्पिनला गाठायची. एकदा त्याच्या तोंडात धुण्याचा साबण कोंबला आणि जबडा दाबून धरला. तो जेवणघरात आला तेव्हा ओठांच्या कोपऱ्यात फेस होता. मी मेट्रनला सांगितलं. "मुलगे असतात तिथे हे चालायचंच," ती म्हणाली.

मी मिस लॅव्हिंग्टनकडे गेले. त्या आमच्या मुख्याध्यापिका. करड्या केसांच्या, ताठ, दारूगोळ्याच्या कारखान्यात बायकांची तुकडी सांभाळून आलेल्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"ओकशॉटसर फार आजारी आहेत, थिओडोरा. तुझ्या भावाची त्यांना मदत होतेय. आजारी माणसाला मदत करायची म्हणजे थोडी झीज सोसावी लागते."

डिसेंबरात एकदा दुपारी क्रिस्पिन मला घोड्यांच्या जुन्या तबेल्यामागे भेटला. चार वाजायच्या आतच अंधारून आलं होतं आणि झाडांवरून पाणी ठिबकत होतं.

"थिआ, सर सगळं सांगत नाहीत गं."

"म्हणजे?"

"म्हणजे… ते तोंड उघडतात, पण मला ते आधीच ऐकू आलेलं असतं. काल तर ते नुसते बसले होते. काही म्हणालेच नाहीत. तरी मी बोललो… आणि ते हसले."

"मग नको ना बोलूस!"

"तुला वाटतं मी बोलतो?" तो म्हणाला.

नाताळच्या सुटीत ओकशॉटसर वारले. त्यांना जायला घर नव्हतं. लॅटिनच्या वर्गाच्या वरच त्यांची खोली होती, तिथेच ते गेले. जानेवारीत आम्ही परतलो तेव्हा प्रार्थनागृहात त्यांच्यासाठी स्तोत्र म्हटलं गेलं. इतक्या मनापासून आम्ही कधीच गायलो नव्हतो.

नवीन आलेले फॅरंटसर तरुण होते. गळ्यात पिवळा टाय, खिशात हात. "माझ्या वर्गात कोणी कोणाला घाबरायचं नाही. मी धरून!" असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते टेबलाच्या कडेवर बसून शिकवत. जुन्या खुर्चीत ते कधी बसले नाहीत. ती तिथंच राहिली, टेबलामागे, आमच्याकडे तोंड करून.

क्रिस्पिन आता माझ्या पुढच्या बाकावर बसे. त्याला कुणी मारत नव्हतं. महिनाभरात त्याच्या गालांवर जरा रंग आला. एका जेवणात त्यानं माझी पुडिंगची वाटीसुद्धा पळवली, आणि मी त्याला चिमटा काढला. मला इतका आनंद झाला होता!

मग एका सकाळी फॅरंटसर फळ्यावर लिहीत होते. शेगडीतला कोळसा धुमसत होता. बाक सरकल्याचा आवाज झाला, आणि क्रिस्पिन उठून चालू लागला. खुर्चीच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. हात मागे बांधले. आणि त्यानं मान कलती केली, खाली, रिकाम्या खुर्चीकडे. कान दिला.

कुणी हसलं नाही. फळ्यावर खडू चालत होता तेवढाच आवाज. क्रिस्पिन ऐकत होता. एकदा त्याची भुवई किंचित वर गेली, ऐकताना माणसाची जाते तशी.

मग तो सरळ झाला.

"ड्रुइट."

खडू थांबला. फॅरंटसर वळले. हा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, तरी त्यांचा चेहरा उतरला.

"ड्रुइट, तुझी आई आजारी नाही. ती रविवारी गेली. तुला ईस्टरच्या सुटीत सांगायचं ठरलं आहे, म्हणजे अभ्यास बुडणार नाही."

"वेन्राइट!" फॅरंटसर ओरडले. "काय हा हलकटपणा! बाहेर हो! आत्ताच्या आत्ता!"

क्रिस्पिननं डोळे मिचकावले. आपण कुठे उभे आहोत हे त्याला आत्ता दिसलं असावं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

फॅरंटसरांनी ड्रुइटच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मिस लॅव्हिंग्टनकडे नेलं, हे खोटं आहे असं त्यांच्या तोंडून ऐकवायला. दोघे परत आले तेव्हा फॅरंटसरांचा हात ड्रुइटच्या खांद्यावर नव्हता. त्यांना तो कुठे ठेवावा ते समजत नव्हतं.

ते खरं होतं. ड्रुइटच्या वडिलांनी मिस लॅव्हिंग्टनना फोनवर सांगितलं होतं, आणि त्यांनी कुणालाही, अगदी मेट्रनलाही, कळू दिलं नव्हतं.

ड्रुइट रडला नाही. त्या संध्याकाळी बुटांच्या खोलीच्या दारात त्यानं क्रिस्पिनला अडवलं. मी बरोबर होते. मला वाटलं, आता हा मारणार, आणि मारू दे असंही वाटलं.

"वेन्राइट, त्यांना विचारशील?" ड्रुइट म्हणाला. "ती जाताना माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

"चांगलं असलं तर ते नाही सांगत रे," क्रिस्पिन म्हणाला. "त्यांना फक्त वाईटच…"

"चालेल. वाईट असलं तरी चालेल. तू विचार."

क्रिस्पिन त्याला बाजूला सारून पळाला. ड्रुइट तिथेच उभा राहिला. नाक पुसायचंही त्याला भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फॅरंटसरांच्या तासाला मिस लॅव्हिंग्टन स्वतः वर्गात आल्या. क्रिस्पिननं सगळ्यांसमोर ड्रुइटची माफी मागायची होती. कुणाचं तरी चोरून ऐकलं असेल आणि नक्कल करून बोलला असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दुसरं काही ठरवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

बाहेर धुकं काचेला चिकटलं होतं. भर दुपारी दिवे लावावे लागले होते.

"पुढे ये, वेन्राइट."

तो पुढे गेला. टेबलाला वळसा घालून, खुर्चीच्या डाव्या बाजूला.

"तिथे नाही. इथे, माझ्यासमोर."

तो हलला नाही. त्याची मान हळूहळू कलली.

"वेन्राइट, त्या खुर्चीत कोणीही नाही." मिस लॅव्हिंग्टनचा आवाज ठाम होता. "तुलाही ते ठाऊक आहे. मान वर कर."

त्यानं मान वर केली. "मिस लॅव्हिंग्टन," तो कोरडा आवाज म्हणाला, अगदी अदबीनं. "मला हाक मारता येत नव्हती. म्हणून मी जमिनीवर काठी आपटत होतो. तुम्ही खाली याच खोलीत होता. नाताळच्या माळा काढत होता. तुम्ही वर छताकडे पाहिलंत…"

मिस लॅव्हिंग्टननी तोंड उघडलं.

"…आणि दिवा मालवून जेवायला गेलात."

त्या ताठ बाईंनी बाकाची कड घट्ट पकडली. 'खोटं' असं त्या म्हणाल्या नाहीत. सगळा वर्ग वाट पाहत होता, पण त्या म्हणाल्या नाहीत.

माझ्या मनात तेव्हा एकच होतं. कोणीतरी हे थांबवायला हवं, आणि मोठी माणसं थांबवणार नाहीत. मी उठले, धावत गेले आणि त्या खुर्चीत बसले. खुर्ची रिकामी आहे हे त्याला दिसावं म्हणून. मांडीखालचं लाकूड कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं उबदार होतं.

"बघ, क्रिस्पिन! मी आहे. इथे फक्त मी आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे त्याचेच होते, माझ्या ओळखीचे, भेदरलेले. मग तो वाकला आणि त्यानं आपला कान माझ्या ओठांपाशी आणला.

मी ओठ गच्च मिटले. शप्पथ सांगते, मी एक शब्द बोलले नाही. मनातही काही आणलं नाही. पण तो ऐकत होता. त्याच्या केसांना येणारा साबणाचा वास मला येत होता, आणि त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर, बोटभर अंतरावर, हळूहळू कोसळत गेला.

तो सरळ झाला. गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र तसाच, संथ.

"थिओडोरा म्हणते, लहानपणी आम्हा दोघांना घटसर्प झाला, तेव्हा एकच जगेल असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणते, दोघंही जगलो ही चूक झाली. म्हणते, हा नसता तर मला आई पुरती मिळाली असती."

मग ओठ थांबले. घसा एकदा हलला. आणि त्याच्या स्वतःच्या, फुटू लागलेल्या, बारीक आवाजात तो मला म्हणाला, "हो का गं?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. जीभ हलली, ओठ हलले, श्वास बाहेर आला, आणि नुसती हवा सुटल्यासारखी ऐकू आली. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. वर्गातली सगळी मुलं माझ्याकडे पाहत होती, आणि माझा भाऊ माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

फॅरंटसरांनी मला हाताला धरून ओढून काढलं तेव्हा कुठे मला ओरडता आलं. पण तोवर क्रिस्पिन वळून दाराबाहेर गेला होता.

वडील त्याच संध्याकाळी मोटार घेऊन आले. त्याला मागच्या बाकावर कांबळ्यात गुंडाळून बसवलं. मी खिडकीशी गेले, काचेवर हात ठेवला, नाही, नाही, मी असं कधीच म्हटलं नाही, असं ओरडून सांगितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो डावीकडे झुकून बसला होता, बाकाच्या रिकाम्या बाजूकडे. मला घरी नेलं नाही. दोघांना एकत्र ठेवू नये, असं मिस लॅव्हिंग्टननी वडिलांना सुचवलं.

घरच्या बातम्या वाईट होत्या. तो जेवत नाही. बोलला तर त्या म्हाताऱ्या आवाजात बोलतो, आणि आई कानांवर हात ठेवून खोलीबाहेर पळते. काय ऐकलं ते ती मला कधी सांगणार नव्हती. डॉक्टरांनी त्याला दूरच्या एका इस्पितळात ठेवायचं सुचवलं होतं. वेड्यांच्या, असं ते म्हणाले नाहीत, पण ते तेच होतं.

आणि मग एका शनिवारी जेवणाच्या सुटीत मला मिस लॅव्हिंग्टनच्या खोलीत फोनवर बोलावलं. त्या माझ्याकडे न बघता बाहेर गेल्या.

"थिआ?"

त्याचाच आवाज. बारीक, मधेच घोगरा होणारा.

"क्रिस्पिन! तूच ना रे?"

"हो गं. सकाळी उठलो तर… गेलेलं. काहीच ऐकू येत नाहीय. आईनं दोन अंडी खायला घातली. थिआ, तू ते नव्हतं ना म्हटलंस?"

"नव्हतं म्हटलं, मूर्खा! कधीच नव्हतं!"

"मला वाटलंच," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही रडलो. वडिलांनी मागून फोन ठेवायला सांगितलं तरी रडत होतो.

मी बोळातून अक्षरशः उड्या मारत गेले. कुणाला तरी सांगायचं होतं. फॅरंटसरांना सांगावं म्हणून मी लॅटिनच्या वर्गाकडे वळले. सगळी शाळा जेवणघरात होती, काट्याचमच्यांचा खणखणाट लांबून येत होता. वर्गाचं दार अर्धवट उघडं होतं.

फॅरंटसर नव्हते. आत ड्रुइट होता, एकटा.

तो खुर्चीच्या डाव्या बाजूला उभा होता. हात मागे बांधलेले, मान खाली कललेली. त्याच्या लाल कानाची पाळी मला दारातून दिसत होती. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपणहून आला होता, आणि किती दिवस असा येऊन उभा राहत होता कोण जाणे.

तो ऐकत होता. मधेच त्यानं मान डोलावली. मग तो हसला. ड्रुइटला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. एखाद्या वडीलधाऱ्यानं विश्वासात घेऊन काही गंमत सांगावी, तसं ते हसू होतं.

माझ्या हातून दार करकरलं असावं. त्यानं डोळे वर केले. दचकला नाही. मला पायांपासून डोक्यापर्यंत सावकाश पाहिलं.

"आणि सर, हिचं?" त्यानं विचारलं.

आणि त्यानं पुन्हा कान खाली नेला. या वेळी तो बराच वेळ ऐकत राहिला.